केईएमच्या दारातली गर्दी काय सांगते

दादर स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला ‘राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात जायचे आहे’ असे सांगितले, तर तो बहुधा वळून आपल्याकडे पाहील. ‘केईएम’ म्हटले की मात्र पुढचे काही सांगावे लागत नाही. मुंबई महानगरपालिकेच्या कागदोपत्री आजही हे रुग्णालय राजे एडवर्ड यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्याच आवारात सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आहे, ‘गो. सुं.’ म्हणजे गोरधनदास सुंदरदास. एका बाजूला इंग्लंडचा राजा आणि दुसऱ्या बाजूला मुंबईचा एक गुजराती व्यापारी, अशी ही जोडी कशी जमली, हे कळले की या रुग्णालयाचे निम्मे वेगळेपण कळते. उरलेले निम्मे त्याच्या दारातल्या गर्दीत आहे. (पुण्यातही रास्ता पेठेत केईएम रुग्णालय आहे, नाव त्याच राजाचे असले तरी ती १९१२ साली सुरू झालेली वेगळी, विश्वस्तांनी चालवलेली संस्था आहे. येथे लिहितो आहे ते परळच्या केईएमबद्दल.)

सुमारे १८०० खाटा, वर्षाला बाह्यरुग्ण विभागात सुमारे १८ लाख रुग्ण आणि सुमारे ८५ हजार दाखल रुग्ण, असा या रुग्णालयाचा पसारा आहे. सुट्ट्या वगळून हिशेब केला, तर रोज सहा हजारांच्या आसपास माणसे केसपेपर हातात घेऊन डॉक्टरांसमोर येतात. हा केसपेपर अगदी नाममात्र शुल्कात मिळतो. इतक्या स्वस्तात उपचार देणाऱ्या आणि इतक्या गर्दीच्या ठिकाणी उपचार जेमतेमच होत असतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मुंबईतले नामवंत खासगी डॉक्टर आपल्या पाटीवर किंवा परिचयात ‘केईएममधून शिकलेले’ असे अभिमानाने लिहितात आणि गावाकडचा डॉक्टर हात टेकतो तेव्हा ‘केईएमला घेऊन जा’ असे म्हणतो. गर्दी आणि गुणवत्ता या दोन गोष्टी येथे एकमेकींच्या आड येत नाहीत. उलट एकीवाचून दुसरी उभी राहिली नसती. हे कसे घडते, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण सुरू झाले ते १८४५ साली, ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेल्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला जे. जे. म्हणतो तेथे. विद्यार्थी बहुतेक भारतीय होते आणि ते उत्तम डॉक्टर होऊन बाहेरही पडत होते. पण प्राध्यापकाची खुर्ची आणि रुग्णालयातील वरिष्ठ जागा त्यांच्या वाट्याला जवळजवळ येतच नसत. त्या जागा ‘इंडियन मेडिकल सर्व्हिस’ या सरकारी सेवेतील अधिकाऱ्यांसाठी धरलेल्या असत. ही सेवा मुळात लष्करी होती, तिची परीक्षा लंडनमध्ये होई आणि १८५५ पासून ती भारतीयांना खुली असली, तरी त्यासाठी बोटीने विलायतेला जाऊन राहण्याचा खर्च किती घरांना परवडणार? त्यामुळे असे होई की मुंबईत वीस वर्षे रुग्ण तपासलेला येथला डॉक्टर बाहेर राही आणि नुकताच बदलून आलेला लष्करी अधिकारी त्याच शहरातल्या मुलांना वैद्यक शिकवी. अपमान तर यात होताच. पण नुकसानही मोठे होते, कारण वरच्या जागेवर बसल्याशिवाय स्वतःचा विभाग उभारता येत नाही, संशोधनाची दिशा ठरवता येत नाही आणि पुढची पिढी आपल्या हाताखाली घडवता येत नाही.

मुंबईतील भारतीय डॉक्टरांनी या व्यवस्थेविरुद्ध अनेक वर्षे सभांत, अर्जांत आणि वर्तमानपत्रांत आवाज उठवला. त्या चळवळीला पैशाचे बळ मिळाले ते सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांकडून. त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी मोठी देणगी देऊ केली आणि तिला एक अट घातली: या महाविद्यालयात शिकवणारे सर्व अध्यापक पात्रताधारक भारतीय असतील आणि ते सरकारी सेवेतले नसतील. देणगीदार आपले नाव कोनशिलेवर कोरून घेतात, हे आपण नेहमी पाहतो. येथे देणगीदाराने अध्यापक कोण असावेत हे लिहून घेतले. मला ही अट त्या काळातल्या कित्येक राजकीय ठरावांइतकीच मोलाची वाटते, कारण ठरावाने मागणी होते आणि अटीने जागा तयार होते.

महाविद्यालय झाले, तरी रुग्णालयावाचून ते चालत नाही. ते उभारण्याची जबाबदारी शहराच्या नगरपालिकेने घेतली. नगरपालिकेला एवढे मोठे रुग्णालय का हवे होते, याचे उत्तर १८९६ च्या प्लेगमध्ये सापडते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवी भागातील तापाच्या रुग्णांत गाठीचा प्लेग ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. पुढच्या काही महिन्यांत निम्मी मुंबई गाव गाठण्यासाठी बोटी आणि आगगाड्या पकडत होती, गिरण्या मजुरांवाचून अडल्या होत्या, आणि चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचे आजारपण हे बंगल्यात राहणाऱ्या माणसाचेही आजारपण असते, हे शहराला फार मोठी किंमत मोजून कळले. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली ती याच शहरात; पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. म्हणजे परळचा आणि वैद्यकाचा संबंध केईएमच्या आधीपासूनचा आहे.

परळ तेव्हा गिरणगावाच्या मधोमध होते. कोकणातून आणि घाटावरून आलेले लाखो कामगार लालबाग, परळ, शिवडी, नायगाव येथे राहत होते, तर मोठी रुग्णालये शहराच्या दक्षिण भागात होती. यंत्रात हात सापडलेल्या कामगाराला किंवा अडलेल्या बाळंतिणीला घोडागाडीतून भायखळ्यापर्यंत न्यायचे म्हणजे वाटेतच काही बरेवाईट होण्याची धास्ती. सातवा एडवर्ड १९१० मध्ये वारल्यावर त्याच्या स्मारकासाठी मुंबईत निधी जमला होता. तो निधी, नगरपालिकेचा पैसा आणि गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांची देणगी अशा तीन ओढ्यांचे पाणी एकत्र आले आणि १९२६ मध्ये रुग्णालय व महाविद्यालय जोडीने सुरू झाले. इमारतीचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा, म्हणजे ज्यांनी गेटवे ऑफ इंडिया आखले त्यांचाच. नावात राजा आला तो असा, स्मारकनिधीच्या वाटेने. पण ज्या संस्थेत इंग्रज अध्यापक नसावा अशी अट होती, तिच्याच दारावर इंग्रज राजाचे नाव लागले, ही त्या काळाची गुंतागुंत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता होते. हे लंडनमध्ये शिकून आलेले, गांधीजींच्या निकटचे डॉक्टर. पुढे १९६० मध्ये गुजरात राज्य झाले तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत आणि त्यानंतरही बराच काळ येथे ‘ऑनररी’ डॉक्टरांची पद्धत होती. शहरात स्वतःचा दवाखाना असलेले नामांकित डॉक्टर सकाळी नाममात्र मानधनावर केईएममध्ये रुग्ण तपासत, शस्त्रक्रिया करत, विद्यार्थ्यांना शिकवत आणि दुपारनंतर आपल्या खासगी कामाकडे जात. नगरपालिकेला त्यामुळे उत्तम डॉक्टर जवळजवळ फुकट मिळत आणि डॉक्टरांना नाव, अनुभव आणि शिष्य मिळत. काळाबरोबर पूर्णवेळ अध्यापक आले आणि ही पद्धत मागे पडली. पण केईएमच्या जडणघडणीत तिचा वाटा मोठा आहे.

आता गर्दीकडे येऊ. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात रुग्ण एका डॉक्टरचा नसतो, तर ‘युनिट’चा असतो. मेडिसिन, सर्जरी, बालरोग अशा प्रत्येक मोठ्या विभागाची अनेक युनिटे असतात. युनिटचा एक प्रमुख, त्याच्या हाताखाली एक-दोन अध्यापक आणि त्यांच्या हाताखाली तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर, अशी ही उतरंड असते. प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले, शस्त्रक्रियेचे वार ठरलेले आणि ‘इमर्जन्सी’चा दिवसही ठरलेला, त्या दिवशी कॅज्युअल्टीतून त्या विभागात दाखल होणारा प्रत्येक रुग्ण त्याच युनिटच्या वॉर्डात जातो. खाटा भरल्या म्हणून गंभीर रुग्णाला परत पाठवायचे नाही, ही येथली रीत असल्यामुळे इमर्जन्सीच्या रात्री दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या घातल्या जातात. बाहेरून पाहणाऱ्याला ती अव्यवस्था वाटते, आणि जमिनीवर झोपलेल्या रुग्णासाठी तो त्रासच आहे, यात शंका नाही. पण त्या गादीला पर्याय खाटेचा नसतो. पर्याय असतो तो दाराबाहेरचा.

हा रगाडा ओढतात ते मुख्यतः निवासी डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातल्या मावश्या आणि मामा. पंचवीस-सव्वीस वर्षांचा निवासी डॉक्टर रात्री रुग्ण दाखल करतो, सकाळी राउंडवर वरिष्ठांपुढे त्या रुग्णाची हकिगत मांडतो, आपले निदान का तेच सांगतो, चुकले तर सर्वांसमोर दुरुस्त करून घेतो आणि पुन्हा कामाला लागतो. तीन वर्षांत तो जेवढे आजार पाहतो, तेवढे लहान रुग्णालयात आयुष्यभर दिसणार नाहीत. गरीब रुग्णाला स्वस्तात उपचार मिळतात ते या शिकणाऱ्या हातांमुळे, आणि शिकणाऱ्या हातांना कौशल्य येते ते या रुग्णांमुळे. हा व्यवहार न्याय्य राहायचा असेल, तर एक गोष्ट सांभाळावी लागते: शिकणाऱ्याच्या मागे शिकवणारा खरोखर उभा असला पाहिजे. तो नसेल, तर गरिबाचे शरीर हे केवळ सरावाचे साधन ठरते. म्हणूनच अध्यापकांच्या रिकाम्या जागा ही कार्यालयीन बाब नसून रुग्णाच्या जिवाशी निगडित बाब आहे, असे मी मानतो.

गर्दीचा आणखी एक परिणाम होतो, आणि त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. दहा हजारांत एखाद्यालाच आढळणारी गोष्ट पाहायची असेल, तर आधी दहा हजार माणसे डोळ्यांखालून जावी लागतात. ‘बॉम्बे रक्तगट’ हे याचे सर्वांत सुंदर उदाहरण. १९५२ साली येथील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तो काय आहे, हे खुंटीच्या उदाहरणाने सांगता येईल. आपल्या तांबड्या रक्तपेशींवर साखरेच्या रेणूंची बारीक साखळी असते. तिला ‘एच’ म्हणतात. ती भिंतीवरची खुंटी समजा. ए गटाच्या माणसात त्या खुंट्यांवर एका प्रकारची टोपी टांगलेली असते, बी गटात दुसऱ्या प्रकारची, एबी गटात दोन्ही प्रकारच्या आणि ओ गटात खुंट्या रिकाम्या असतात. ओ गटाचे रक्त कोणालाही चालते असे आपण म्हणतो, ते यामुळे: रिकामी खुंटी सर्वांच्याच ओळखीची असते. भेंडे यांना जी माणसे आढळली, त्यांच्या पेशींवर मात्र खुंटीच नव्हती.

नेहमीच्या तपासणीत टोपी आहे की नाही एवढेच पाहिले जाते. त्यामुळे अशा माणसाचा गट ‘ओ’ असा लिहिला जातो. पण त्याच्या शरीराने खुंटी कधी पाहिलेलीच नसते. ओ गटाचे रक्त दिले, तर त्याची प्रतिकारशक्ती त्या पेशींना परके समजून तोडून टाकते आणि जिवावर बेतते. दात्याचे आणि रुग्णाचे रक्त आधी एकमेकांत मिसळून पाहण्याची जी ‘क्रॉसमॅच’ नावाची तपासणी असते, ती का टाळू नये, हे यावरून समजेल. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा असतो असे मानले जाते आणि अशा माणसाला फक्त त्याच गटाचे रक्त चालते. आज कोणाला अशा रक्ताची गरज पडली की नोंदवलेल्या दात्यांचा शोध घेत रातोरात एका शहरातून दुसऱ्या शहरात पिशवी पाठवली जाते. त्या साऱ्या धावपळीला मुंबईचे नाव लागले आहे ते परळच्या या कामामुळे.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचे काम याच जातीचे, पण वेगळ्या वाटेचे. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदात शतकानुशतके वापरली जात होती आणि भारतातील अनेक डॉक्टर तिने रक्तदाब उतरतो असे सांगत होते. केईएममधल्या रुग्णांवर तिचा परिणाम काळजीपूर्वक मोजून वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि जगातल्या हृदयरोगतज्ज्ञांना पहिल्यांदा त्याची गंभीर दखल घ्यावी लागली. रक्तदाबावर आज आपण गोळी घेतो तितके सहज औषध तेव्हा नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. परंपरेने दिलेली माहिती खरी की खोटी यावर वाद घालत बसण्यापेक्षा ती रुग्णाच्या खाटेशी नेऊन मोजावी, हा धडा त्यांनी घालून दिला. तो आजही पुष्कळांनी गिरवायचा राहिला आहे.

डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. त्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते, तोच फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. भारतातले ते पहिले हृदयप्रत्यारोपण. रुग्ण काही तासच जगला. सेन यांनी हे धाडस अचानक केले नव्हते. त्यांच्या विभागात कित्येक वर्षे प्राण्यांवर त्याचे प्रयोग चालू होते. मग पुढे ही शस्त्रक्रिया येथे रुजली का नाही? याची कारणे शस्त्रक्रियागृहाबाहेरची होती. परक्या अवयवाला शरीराने नाकारू नये म्हणून द्यायची परिणामकारक औषधे तेव्हा जगातच नव्हती, आणि मेंदू मृत झालेला पण हृदय चालू असलेला माणूस कायद्याने मृत मानायचा की जिवंत, याचे उत्तर भारताकडे नव्हते. ते उत्तर देणारा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये आला आणि त्याच वर्षी दिल्लीत यशस्वी हृदयप्रत्यारोपण झाले. सेन यांचे हात २६ वर्षे आधी तयार होते. देश तयार नव्हता. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून येथे टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तोही शेजारच्या प्रजननविषयक संशोधन संस्थेच्या सहकार्याने. रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असण्याचा हा फायदा आहे. परळला हाफकिन संस्था, वाडिया रुग्णालये आणि १९४१ पासून टाटा कर्करोग रुग्णालय अशी वैद्यकाची पेठच वसली, त्यामुळे असे शेजार जुळले.

शस्त्रक्रिया आणि शोध यांच्या याद्या होतात. शुश्रूषेची यादी होत नाही. तरी केईएमबद्दल लिहिताना ज्या घटनेपाशी थांबावेच लागते, ती शुश्रूषेचीच आहे. अरुणा शानबाग या मूळच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या, येथे परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर क्रूर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्यानंतर त्या कधीच पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले तोपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, वॉर्ड क्रमांक ४ लगतच्या खोलीत त्यांची काळजी केईएमच्या परिचारिकांनी घेतली. भरवणे, पुसणे, कूस बदलणे हे सारे दररोज. खाटेला खिळलेल्या माणसाला थोड्याच आठवड्यांत पाठीवर जखमा होतात. अरुणाताईंना त्या होऊ दिल्या गेल्या नाहीत, आणि ज्याने घरात असा रुग्ण सांभाळला आहे, त्याला या एका वाक्याचा अर्थ कळेल. १९८० च्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवण्याचा विचार पालिकेने दोनदा केला, तेव्हा परिचारिका आंदोलनाला उभ्या राहिल्या आणि तो बेत रद्द झाला.

त्यांच्या दयामरणासाठी सर्वोच्च न्यायालयात झालेल्या याचिकेचा निकाल ७ मार्च २०११ रोजी लागला. तो अनेकदा चुकीचा सांगितला जातो, म्हणून येथे नीट मांडतो. औषध देऊन मृत्यू घडवून आणणे, म्हणजे सक्रिय दयामरण, न्यायालयाने नाकारले. बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे जीव टिकवणारे उपचार थांबवणे, म्हणजे निष्क्रिय दयामरण, हे मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने आणि कडक अटींवर करता येईल, असे सांगितले. आणि अरुणाताईंच्या बाबतीत हा निर्णय मागण्याचा अधिकार कोणाचा? न्यायालयाने म्हटले की इतकी वर्षे त्यांना सांभाळणारे केईएमचे कर्मचारी हेच त्यांचे आप्त आहेत, आणि त्या कर्मचाऱ्यांची इच्छा त्यांनी जगावे अशी आहे. याचिका फेटाळली गेली. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आधीच इच्छापत्र करून ठेवण्याचा हक्क मान्य केला, त्याची वाट या प्रकरणाने मोकळी केली होती. ज्या संस्थेच्या आवारात एका परिचारिकेचे रक्षण झाले नाही, त्याच संस्थेतल्या तिच्या सहकारिणींनी तिचे आप्तपण निभावले. या दोन्ही गोष्टी सोबतच सांगितल्या पाहिजेत. आणि रात्रपाळीच्या परिचारिकांच्या व निवासी डॉक्टरांच्या सुरक्षिततेचा प्रश्न १९७३ मध्येच संपला, असे कोणी समजू नये.

हे सारे चालते कोणाच्या पैशावर? १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने सार्वजनिक रुग्णालये आणि दवाखाने चालवणे हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरवले आहे. भारतातील बहुतेक शहरांत मोठी रुग्णालये राज्य सरकारची असतात. मुंबईत मात्र केईएम, शीव, नायर आणि कूपर ही चारही मोठी रुग्णालये आणि त्यांची वैद्यकीय महाविद्यालये पालिकेची आहेत. म्हणजे मालमत्ता कर भरणारा मुंबईकर, आणि २०१७ पर्यंत जकातीच्या रूपाने येथे माल आणणारा प्रत्येक व्यापारी, या खाटांचा खर्च उचलत आला. काही उपचार राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात. जे बसत नाहीत, त्यांच्यासाठी रुग्णालयातील समाजसेवा विभाग देणगीदार संस्थांकडून आणि गरीब रुग्णांसाठीच्या निधीतून रक्कम उभी करून देतो. महागडे औषध बाहेरून आणण्याची चिठ्ठी हाती पडली, तर घाबरून उपचार सोडण्याआधी या विभागाच्या खिडकीशी जावे.

पण पैसा शहराचा आणि रुग्ण साऱ्या राज्याचे, हा तिढा उरतोच. कोकणाचे पाहा. अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीची सरकारी वैद्यकीय महाविद्यालये अगदी अलीकडच्या वर्षांतली आहेत. त्याआधी मुंबई-ठाणे सोडले, की सावंतवाडीपर्यंतच्या पट्ट्यात एकही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. सिंधुदुर्गाच्या टोकाचा रुग्ण गोव्यात बांबोळीला जाई आणि बाकीचे रातराणी एसटीने परळला येत. गावच्या माणसाचा मुलगा किंवा भाऊ लालबागच्या चाळीत असे, रुग्णाची राहण्याची सोय तिथे होई, आणि त्यामुळे गिरण्या बंद पडल्यानंतरही हा ओघ आटला नाही. आता त्या चाळी टॉवरांखाली गेल्या. नातेवाईक डोंबिवली-विरारला पांगले. रुग्णाबरोबर आलेली माणसे रुग्णालयाच्या भिंतीलगतच्या फुटपाथवर किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहतात. शहरातही तेच चित्र आहे. पालिकेचे दवाखाने, प्रसूतिगृहे, राजावाडी-भाभा यांसारखी उपनगरी रुग्णालये आणि सर्वांत वर केईएमसारखी मोठी रुग्णालये अशी उतरंड कागदावर उत्तम आहे. पण खालच्या पायरीवर सोनोग्राफीचे यंत्र बंद असले किंवा भूलतज्ज्ञ नसला, की साध्या हर्नियाचा रुग्णही वरच्या पायरीवर येऊन बसतो. त्याची शस्त्रक्रिया केईएममध्ये होते खरी, पण त्या रांगेमुळे मागे सरकतो तो ज्याच्यावर इतरत्र उपचार होऊच शकत नाहीत असा रुग्ण. केईएमची गर्दी कमी करण्याचा उपाय त्यामुळे केईएममध्ये नाही. तो घाटकोपर, कांदिवली आणि रत्नागिरीत आहे.

मात्र सगळे हात एकाच जागी असण्याचे महत्त्व काही दिवशी स्पष्ट दिसते. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २० हून अधिक माणसे दगावली आणि जखमींना हाकेच्या अंतरावरच्या केईएममध्ये आणले गेले. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांमधील स्फोटांनंतरही हेच झाले. अशा वेळी कॅज्युअल्टीत प्रथम उपचार होत नाहीत, तर प्रतवारी होते: कोणाला या क्षणी हात लावला नाही तर तो जाईल, कोण तासभर थांबू शकेल आणि कोण चालत घरी जाऊ शकेल, हे एक अनुभवी डॉक्टर काही सेकंदांत ठरवतो. मोठ्याने ओरडणारा रुग्ण बहुधा थांबू शकणारा असतो आणि गप्प पडलेला नसतो, हे पुस्तकात वाचता येते. पण पन्नास माणसे एकदम आली असताना ते आठवायला रोजच्या गर्दीची सवय लागते. २०२० च्या करोनात हीच सवय कामी आली, आणि त्या वर्षी नियोजित शस्त्रक्रिया थांबल्याने ज्यांचे आजार वाढले, त्यांचा हिशेबही त्या सेवेच्या जमाखर्चात धरला पाहिजे.

शेवटी, पहिल्यांदा तेथे जाणाऱ्यासाठी एवढे सांगणे उरते. केसपेपरवर युनिटचे नाव आणि पुढच्या भेटीचा वार लिहिलेला असतो. दुसऱ्या दिवशी गेलात, तर डॉक्टर भेटतील, पण तुमचे डॉक्टर भेटणार नाहीत. तुमची हकिगत ज्यांना ठाऊक आहे, ते त्या दिवशी शस्त्रक्रियागृहात किंवा वॉर्डात असतील. त्यामुळे वार पाळावा, जुने कागद आणि तपासण्या एकाच पिशवीत तारखेने लावून न्याव्यात, चालू असलेली औषधे पाकिटासकट बरोबर ठेवावीत आणि सकाळी लवकर पोहोचावे. तपासणारा डॉक्टर वयाने लहान दिसला, तरी त्याला सारे सविस्तर सांगावे. राउंडवर वरिष्ठांपुढे तुमच्या वतीने बोलणारा तोच असतो.